अर्जाची पोच

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दिव्यांगांच्या हक्कांचे काम बहुतेक वेळा प्रमाणपत्रापासून सुरू होते. प्रमाणपत्र हाती नसेल तर एसटीतली ७५ टक्के सवलत मिळत नाही, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही, परीक्षेतल्या लेखनिकाची परवानगी अडते आणि नोकरीतल्या राखीव जागेचा विचारही करता येत नाही. या कामात उमेदीची वर्षे घातलेले कार्यकर्ते मोर्चे आणि उपोषणांविषयी नंतर बोलतात. आधी सांगतात ते कागद, रांगा आणि फेऱ्या, कारण हक्काची पहिली लढाई तिथेच होते.

जिल्ह्याचा विस्तार हाच पहिला अडसर. कन्नड, वैजापूर, पैठण किंवा सोयगाव तालुक्यातल्या खेड्यातून शहरात यायचे म्हणजे पहाटेची एसटी गाठणे आले. सोयगावहून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर भरते. सेरेब्रल पाल्सी असलेला वाढत्या वयाचा मुलगा, त्याला कडेवर घेऊन गाडीत चढवणारी आई, बुडालेला रोज, आणि रुग्णालयातल्या तपासणीच्या खिडकीपाशी पोचल्यावर ऐकू येणारे वाक्य, "आज बोर्ड नाही, पुढच्या आठवड्यात या." अशी आई प्रत्येक कार्यकर्त्याला भेटलेली असते. तिच्या तोंडी तक्रारीचा शब्दही नसतो. ती विचारते ते एवढेच, की पुढच्या आठवड्यात नक्की होईल ना.

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्र योजनेच्या संकेतस्थळामार्फतच द्यायचे असा नियम झाला. ऑनलाइन नोंदणीने काही गोष्टी सोप्या झाल्या, काही नव्याने अडू लागल्या. आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही. नोंदणी करताना घरात मोबाइल नव्हता म्हणून सेतू केंद्र चालवणाऱ्याचाच नंबर टाकलेला असतो. तपासणीच्या तारखेचा संदेश त्याच्या फोनवर येतो आणि तिथेच राहतो. जुने उपचाराचे कागद घर गळताना भिजून गेलेले असतात. म्हणून अनुभवी कार्यकर्ता गावात गेला, की भाषण करण्याआधी ओट्यावर बसून कागद तपासतो. नाव, जन्मतारीख, फोटो, फोन नंबर, जुनी फाइल एवढे नीट असले, तर शहरातली एक फेरी वाचते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला वाचलेली फेरी म्हणजे वाचलेला दिवस.

एकेकट्या माणसाची फेरी ही व्यवस्थेच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट असते. मात्र एकाच तालुक्यातल्या अनेकांच्या वाया गेलेल्या फेऱ्या तारखांसह एका कागदावर आल्या, की तालुक्याच्या ठिकाणी तपासणी शिबिर घेण्याची मागणी टाळणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाते. तोंडी गाऱ्हाण्याला सहानुभूती मिळते, लेखी नोंदीला उत्तर द्यावे लागते. मराठवाड्यात सहानुभूतीची वानवा कधीच नव्हती. दिव्यांगाला बसायला खुर्ची देणारे, चहा पाजणारे, "बिचाऱ्याचे काम करून टाका" म्हणणारे लोक प्रत्येक कार्यालयात भेटतात. मिळत नाही ते लेखी उत्तर, आणि बरीच वर्षे काम केल्यावर ध्यानात येते, की पाठपुराव्याचे सारे कौशल्य तेवढ्यासाठीच लागते.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी हा दुसरा धडा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ३८ टक्के लिहिलेला कागद हातात पडलेल्या तरुणाला दोन टक्क्यांनी काय बिघडले हे समजावून सांगणे कुणालाच जमत नाही. यूडीआयडी कार्डाचे रंगही त्यावरच ठरतात: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ७९ पर्यंत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. हा आकडा शरीराच्या एखाद्या अवयवाची किंवा इंद्रियाची क्षमता मोजतो. त्या माणसाला रोज किती अंतर चालत जायचे आहे, घरात आधाराला कोण आहे, गावात डांबरी रस्ता आहे का, हे त्यात येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ टक्केवारी जास्त आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासणी मंडळाने पाहिले पाहिजे. वाणीदोष असलेल्या त्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. माणूस काय करू शकतो हे विचारा, एवढेच कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले होते.

या कामाच्या पहिल्या पिढीत पोलिओ झालेल्यांचा वाटा मोठा होता. कॅलिपर आणि कुबड्यांच्या आधाराने शिकलेली ही मुले पुढे शिक्षक, लिपिक, टेलिफोन बूथचालक झाली आणि त्यांनीच संघटना बांधल्या. त्याच काळात कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. व्हीलचेअरवरून संस्था चालवणारी बाई हे दृश्यच अनेक कुटुंबांसाठी नवे होते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर संघटनांच्या दारात येणारे प्रश्न बदलले. आता अपघातात पाय किंवा पाठीचा कणा गमावलेले तरुण येतात. स्वमग्न मुलांचे पालक येतात, थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे रुग्ण येतात. त्यातल्या अनेकांना आपण दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याच्या कक्षेत येतो हे ठाऊकच नसते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. चालताबोलता दिसणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाला "याला काय झालंय?" असे विचारले जाते, आणि तेच उत्तर त्याच्या आईला प्रत्येक टेबलावर नव्याने द्यावे लागते.

संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. कार्यकर्त्यांच्या रोजच्या कामात या कायद्याने घडवलेला बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो अर्जात. पूर्वीच्या अर्जाची सुरुवात गरिबीपासून होई आणि शेवट "मेहेरबान साहेबांनी दया करून" या विनवणीवर. आताच्या अर्जात वर नाव, यूडीआयडी क्रमांक आणि पत्ता असतो. मग एका ओळीत मागणी, त्याखाली कायद्याचे कलम आणि शेवटी "निर्णय लेखी कळवावा" हे वाक्य. अर्ज एका पानाच्या पुढे जात नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचे नाही, ही शिस्त नव्या कार्यकर्त्याच्या अंगी पहिल्याच महिन्यात बाणवावी लागते. शिक्का असला तर माहिती अधिकाराखाली विचारणा करून ३० दिवसांत उत्तर मागता येते, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात तो कागद पुढे ठेवता येतो, पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. शिक्का नसेल, तर "तुमचा अर्ज आलाच नाही" या उत्तरापुढे सारे थांबते.

इमारतींचे काम वेगळ्या तऱ्हेने शिकवते. कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार सुगम्यतेच्या निकषांत न बसणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी देता येत नाही. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम १५ जून २०१७ रोजी आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. पाहणीला गेले, की बहुतेक कार्यालयांत रॅम्प दाखवला जातो. टेप लावल्यावर खरी गोष्ट कळते. निकष सांगतो, की एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. एका सरकारी इमारतीत तीन पायऱ्यांची उंची जेमतेम पाच फुटांच्या उतारात बसवलेली होती. फरशी गुळगुळीत, कठडा एकाच बाजूला, आणि उताराच्या टोकाला साखळी घातलेले लोखंडी जाळीचे दार. व्हीलचेअरवर बसलेल्या कार्यकर्त्याने तिथेच अभियंत्याला विनंती केली, की आपण स्वतः खुर्चीत बसून वर जाऊन पाहावे. अभियंता बसला. अर्ध्यावर चाके मागे सरू लागली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. त्या इमारतीचा उतार पुढे लांबवला गेला आणि दाराची साखळी निघाली. कागदावरचा निकष अंगाला जाणवला, की चर्चा लवकर संपते. तेव्हापासून अनेक संघटना पाहणीला जाताना टेप आणि रिकामी व्हीलचेअर सोबत नेतात.

जिल्ह्यातली जगप्रसिद्ध ठिकाणेही या विचारातून सुटत नाहीत. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारशात आहेत. अजिंठ्याला सुरुवातीलाच चढ आहे आणि ज्यांना तो चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे. डोलीवाल्यांचे कष्ट मोठे आहेत आणि त्यांच्यामुळे अनेकांना चित्रे पाहता आली. तरीही दुसऱ्यांच्या खांद्यावरून जाणे आणि स्वतःच्या मर्जीने, हवे तिथे थांबत जाणे यांत फरक राहतोच. डोंगरात कोरलेल्या लेण्याला लिफ्ट लावा, असे कुणी म्हणत नाही. पायथ्याशी सपाट वाट, बसायला जागा, वापरता येईल असे स्वच्छतागृह, अंध पर्यटकासाठी हाताने चाचपता येतील अशा प्रतिकृती आणि कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतली माहिती एवढे तरी कोणत्याही वारसास्थळी असायला हवे.

शाळांचा अनुभव सर्वांत कठीण आणि सर्वांत आशादायकही. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायदा देतो. प्रत्यक्षात पालकांना "आमच्याकडे तशी सोय नाही" हे उत्तर मिळते आणि पालक मान खाली घालून परततात. अशा वेळी मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा अडचण नेमकी कोणती, हे विचारल्याने काम होते. एका शाळेत पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता आणि मुलीला जिना चढता येत नव्हता. तळमजल्यावरच्या वर्गाशी अदलाबदल केल्यावर प्रश्न मिटला, खर्च एका रुपयाचाही झाला नाही. दुसरीकडे कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मागच्या बाकावरून पुढे आणले आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलणे थांबवले. सहामाहीत त्याचे गुण वाढले. दहावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक या सवलती आहेत. मात्र बहुतेक पालक त्यांच्यासाठी परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करतात, कारण तोवर त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. आठवीतच ही माहिती घरी पोचवणे हे आता अनेक संघटनांच्या वार्षिक कामाचे पहिले कलम झाले आहे.

नोकरीच्या बाबतीत कायद्याने सरकारी आस्थापनांत चार टक्के आरक्षण ठेवले आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याचा हुद्दा कमी करता येत नाही, असे २० वे कलम सांगते. अपघातात डोळे गेलेल्या एका कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी प्रेमापोटीच स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिला होता. कलमाची प्रत हातात पडल्यावर त्याने बदलीचा पर्याय मागितला आणि स्क्रीन रीडर शिकून तो नोकरीत टिकला. खासगी कारखान्यांत आरक्षण नाही, पण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात तंत्रशिक्षण घेतलेल्या कर्णबधिर तरुणांना जागा मिळू शकते. तिथे पर्यवेक्षकाला भीती असते ती भोंगा ऐकू न येण्याची. भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा लावला, की ती भीती संपते, आणि गोंगाटात काम करणाऱ्या इतर कामगारांनाही त्याचा उपयोग होतो.

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या स्थानिक संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. गावपातळीवरचा संघर्ष बहुतेक या निधीभोवती होतो. कधी तो खर्चच होत नाही, कधी वर्षअखेरीस सगळ्यांना सरसकट एकच वस्तू वाटली जाते. एका ग्रामसभेत अंध वृद्ध, गुडघ्यावर सरकत चालणारी बाई आणि कर्णबधिर मुलगा या तिघांसाठी एकच यादी वाचून दाखवली गेली. बाई उठल्या नाहीत, उठता येत नव्हते, बसल्या जागेवरून त्यांनी विचारले, "मला काय पाहिजे हे मला कोणी विचारलं का?" सभा शांत झाली. त्यांना हवी होती घरापासून संडासापर्यंत सिमेंटची वाट. कार्यकर्त्यांनी अर्ज करून वर्षभरात जे साधले नसते, ते त्या एका प्रश्नाने साधले. दिव्यांगांच्या वतीने इतरांनी बोलण्याची सवय मोडणे हे या चळवळीचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे. पालक, शिक्षक, कार्यकर्ते, डॉक्टर सगळे चांगल्या हेतूने बोलतात, आणि ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे तो कोपऱ्यात बसून ऐकतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या आणि राज्यभर संतापाची लाट उठली. निर्णय घेणाऱ्यांनी स्वच्छतेचे आणि सोयीचे कारण दिले होते. त्या मुलींच्या संमतीचा प्रश्न तेव्हा दुय्यम मानला गेला. आजच्या कायद्यात दिव्यांगांनाही इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता मान्य आहे. तरीही गावागावात दिव्यांग मुलीचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि अनुदान दुसऱ्याच्या हाती असते. कर्णबधिर मुलगी तक्रार द्यायला गेली तर सांकेतिक भाषा जाणणारा माणूस पोलीस ठाण्यात सापडत नाही आणि जबाब नातेवाईक देतात. तो नातेवाईकच आरोपी असेल तर काय, याचे उत्तर जिल्ह्यातल्या दुभाष्यांची यादी प्रत्येक ठाण्यात लावून देता येईल.

यंत्राच्या अडचणीही आता माणसांच्या अडचणींइतक्याच झाल्या आहेत. अनुदानासाठी अंगठ्याचा ठसा लागतो. कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या, हातच नसलेल्या किंवा हाताला सतत कंप असलेल्या माणसाचा ठसा उमटत नाही; बुबुळाचा पर्याय अनेक अंधांच्या उपयोगाचा नसतो. हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून आणावे लागते. पर्यायी पद्धत कागदावर असते, पण समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला ती माहीत नसते. म्हणून परिपत्रकाची प्रत जवळ बाळगणे हीही कामाची गरज झाली आहे.

काही बदल मात्र डोळ्यांदेखत झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के आणि त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना देशभर प्रथमच घरून मतदानाची सोय मिळाली. ती घेणारे होते, तसेच हट्टाने केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहणारेही होते, कारण त्यांना गावाने मतदान करताना पाहावे असे वाटत होते. राज्यात २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला. दुसरीकडे २०२४ पासून बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि पडताळणी सुरू झाली. ती व्हायलाच हवी, कारण प्रत्येक खोटे प्रमाणपत्र एका खऱ्या दिव्यांगाची जागा खाते. फक्त पडताळणीच्या नावाखाली जन्मापासून पाय नसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा रांगेत उभे करू नये.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते, आणि तेव्हा मोजल्या गेलेल्या प्रकारांची संख्या आजच्या २१ पेक्षा कितीतरी कमी होती. एवढ्या लोकांचे हक्क मूठभर कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यावर सोडून चालणार नाही. वाचकांनी आपापल्या गल्लीतल्या, गावातल्या दिव्यांग व्यक्तीला आधी विचारावे, की तिला काय हवे आहे. यूडीआयडी कार्ड नसेल तर नोंदणीला मदत करावी, पण फोन नंबर तिचाच टाकावा. सोसायटीच्या, शाळेच्या, बँकेच्या दारात टेप लावून पाहावी. ग्रामसभेत पाच टक्के निधीचा हिशेब मागावा. आणि जी मागणी असेल ती लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे.